पाण्याची सुट्टी

थोरल्याच्या पायात गमबूट शिरेना. बांधावर बसून त्याने दोन्ही हातांनी बूट ओढून पाहिला, टाच जमिनीवर आपटली, बुटाला एक शिवी हासडली आणि शेवटी अनवाणीच मिठाच्या वाफ्यात उतरला. खारं पाणी पायाच्या भेगांत शिरलं तसं त्याचं तोंड वाकडं झालं.

"पाय सुजलेत हो तुमचे," टोपली घेऊन उभी असलेली त्याची बायको, थोरली, म्हणाली.

"उन्हानं सुजलेत. तू भर टोपली."

त्या हंगामात मिठागरावर असं ऊन होतं की सकाळ उजाडायची तीच पांढरी. वाफ्यांत मीठ भराभर धरत होतं, त्यामुळे मुकादम खूश होता. थोरला आणि त्याचा धाकटा भाऊ लाकडी दंताळ्यानं मीठ कडेला ओढायचे. थोरली ते टोपलीत भरून डोक्यावरून न्यायची आणि राशीवर ओतायची. मजुरी टोपलीवर होती. प्यायच्या पाण्याचं पिंप होतं, नाही असं नाही. पण ते वजनकाट्याच्या शेडपाशी, पार पलीकडच्या टोकाला. पिऊन यायचं तर तेवढ्यात शेजारच्याची रास वर चढायची. त्यामुळे माणसं घरून निघताना पोटभर पाणी पिऊन घ्यायची आणि मग ऊन उतरेपर्यंत ओठ चाटत राहायची. बायका तर सकाळीही पीत नसत, कारण एवढ्या उघड्या मिठागरात आडोसा म्हणून कुठे नव्हता.

दुपारी थोरला दंताळं हातात धरूनच पडला. धाकट्यानं त्याला उचलून बांधावर आणलं. तोंड उघडं होतं आणि श्वासाला कसला तरी उग्र वास येत होता.

मुकादम छत्री सांभाळत आला. "ऊन लागलंय. शेडमध्ये आडवा करा, उठेल घटकाभरात," तो म्हणाला. मग धाकट्याकडे वळून, "आणि तू कुठं निघालास? ओढलेलं मीठ तसंच टाकून?"

धाकटा भावाला पाठुंगळी घेऊन चालू लागला.

ऊन लागलेलं नव्हतं. वस्तीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं थोरल्याच्या पायावर अंगठा दाबला आणि पडलेला खड्डा भरेना तशी तिनं थोरलीकडे पाहिलं. "शहरात न्या. आजच." शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवावं लागेल.

"किती दिवस, साहेब?" थोरलीनं विचारलं.

"दिवस नाहीत बाई. आता हे असंच."

ती मान हलवत राहिली. बाहेर आल्यावर धाकट्यानं विचारलं, "काय म्हणाले, वहिनी?" तेव्हा तिला कळलं की आपण मान हलवली खरी, पण आपल्याला नीटसं काही समजलेलंच नाही.

मिठाचा ट्रक शहरात जायचा, त्यात पोत्यांवर बसून दोघं नवरा-बायको जाऊ लागली. ट्रक चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. मामा बडबड्या होता. "दाजी, तुम्ही माझा महाग माल," तो थोरल्याला वर चढवताना म्हणायचा, "मीठ सांडलं तर चालेल, तुम्ही सांडू नका." थोरला सुरुवातीला हसायचा. नंतर हसायचं म्हणून हसायचा.

ट्रकनं शहर गाठेपर्यंत उशीर व्हायचा. मग खिडकीवर चिठ्ठी, मग रक्ताची तपासणी. आदल्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणी करून घेतलेली असली तरी इथला माणूस तो कागद बाजूला सरकवायचा. "बाहेरचा रिपोर्ट चालत नाही." पुन्हा सुई, पुन्हा पैसे, पुन्हा वाट बघणं. थोरल्याच्या दंडावर आता सुई कुठे टोचावी असा प्रश्न पडू लागला होता.

मशीनच्या खोलीबाहेर एक लांब बाकडं होतं. नेहमीची माणसं तिथे नेहमीच्या जागी बसायची. एक म्हातारा बस-कंडक्टर स्वतःसाठी यायचा, आणि एक शिवणकाम करणारी बाई आपल्या नवऱ्याला घेऊन.

"रक्त तेच, माणूस तोच," कंडक्टर एकदा म्हणाला. "मी एका गाडीत तिकीट दिलं, तर पुढच्या थांब्यावर दुसरा कंडक्टर चढून पुन्हा तिकीट फाडत नव्हता. इथं प्रत्येक दारात नवं तिकीट."

"मग काय करायचं?" शिलाईवाली म्हणाली.

"एक रिपोर्ट सगळीकडे चालला पाहिजे. एवढंच. निम्मा खर्च तिथंच वाचेल."

"माझं ऐका," शिलाईवाली म्हणाली. "औषध तेच, नुसता खोका वेगळा, आणि किंमत तिप्पट. मी कापडाला अस्तर लावते तेव्हा गिऱ्हाइकाला सांगते की हे आतून काय आहे. औषधवाल्यालाही सांगायला लावा. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, स्वस्तातलं कुठलं ते."

"आणि साहेब लोकांची तब्येत बिघडली की त्यांना याच बाकड्यावर बसवा," आतून नुकताच बाहेर आलेला एक जण म्हणाला. "दुसऱ्या दिवशी बाकड्याला गादी येईल."

सगळे हसले. थोरलीही हसली. मग कंडक्टरनं तिला विचारलं, "तुमचं काय म्हणणं, बाई? तुम्ही काही बोलत नाही."

"आमच्याकडं पिंप जवळ असतं तर हे इथं आले नसते," ती म्हणाली. "असं नर्सबाई म्हणते."

आत थोरला मशीनला लावलेला होता. त्याला आता पाणी मोजून द्यायचं होतं, दिवसाला लहान तांब्याभर, जास्त नाही. तो जिभेनं ओठ ओले करत खिडकीबाहेर बघत असायचा. "गंमत बघ," एकदा तो बायकोला म्हणाला होता, "हवं होतं तेव्हा लांब होतं. आता हाताशी आहे तर चालत नाही."

नर्सबाई म्हणाली होती ते असं. मिठागरावरचे किती तरी जण याच दुखण्यानं गेले. त्यांच्या घरचे म्हणायचे, उन्हानं गेला. अंगातलं पाणी रोज आटतं, मूत्रपिंडं रोज थोडी मरतात, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. लघवीत बुडवायची एक पट्टी येते. ती सगळं सांगत नाही, पण संशय सांगते. मशीनवरच्या एका खेपेला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात सगळं मिठागर तपासून होईल.

"मग तपासा की," थोरली म्हणाली होती.

"पट्ट्या येत नाहीत इकडे. मी मागून मागून थकले."

त्याच सुमारास मिठागरावर सरकारी माणसं येणार असल्याची दवंडी झाली. दवाखाने कसे सुधारावेत, खर्च कसा कमी करावा, यावर लोकांच्या सूचना ऐकायच्या होत्या. सभेसाठी मुकादमानं वजनकाट्याची शेड झाडून दिली. पुढे खुर्च्या, मागे जमीन. आलेल्या सरकारी बाई थकलेल्या दिसत होत्या. सकाळपासून बऱ्याच वस्त्या झाल्या असाव्यात. मुकादमानं त्यांना थंड पाणी दिलं आणि स्वतः त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला.

किराणा दुकानदार म्हणाला, मोठं हॉस्पिटल बांधा. मास्तर म्हणाले, गाडी द्या, रात्री-बेरात्री बाळंतीण अडते. एका म्हातारीनं डोळ्यांच्या थेंबांबद्दल सांगायला सुरुवात केली आणि तिची सून तिला खाली ओढू लागली. बाई सगळं लिहून घेत होत्या.

थोरली उभी राहिली तेव्हा धाकट्यानं तिचा पदर धरला. "वहिनी, बसा." तिनं पदर सोडवून घेतला.

"थोडक्यात सांगा हं," बाई म्हणाल्या.

"थोडक्यातच आहे. एक रिपोर्ट सगळीकडं चालू द्या. पुन्हा पुन्हा सुई टोचू नका." ती थांबली. पुढचं बोलायचं तर मुकादमाकडे बघावं लागत होतं, म्हणून तिनं जमिनीकडे बघितलं. "नर्सबाईला पट्ट्या द्या. आणि मिठागरावर पाणी जवळ ठेवा, सावलीला कायतरी बांधा, आणि मधेमधे प्यायला सुट्टी द्या. पैसे न कापता. मशीनपेक्षा ते स्वस्त आहे. माझा नवरा मशीनवर आहे, म्हणून सांगते."

बाईंनी लिहिलं, मग मान वर करून मुकादमाला विचारलं, "पाण्याची सोय नाही का इथे?"

"आहे की. हे काय पिंप," मुकादम म्हणाला. "कुणाला अडवलंय का मी? विचारा त्यांना." आणि त्यानं जमिनीवर बसलेल्यांकडे पाहिलं. "अडवलंय का रे कुणाला?"

माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत राहिली. ज्यांच्याबरोबर तिनं वर्षानुवर्षं टोपल्या वाहिल्या त्या बायकाही. धाकटाही.

"सूचना चांगली आहे," बाई म्हणाल्या. खोटं बोलल्यासारख्या नाही, खरंच वाटून म्हणाल्या. "मी वर कळवते." मग त्या गाडीत बसून पुढच्या वस्तीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी थोरलीला टोपली मिळाली नाही. "तुम्ही आजारी माणसाकडं बघा," मुकादम अगदी मायेनं म्हणाला. "इथं उन्हात कशाला त्रास?" धाकट्याला मात्र त्यानं ठेवलं, आणि समुद्राकडच्या कडेचे वाफे दिले, जिथून पिंप नुसतं दिसायचंसुद्धा नाही. संध्याकाळी मामा घराशी आला. आत न येता दारातच उभा राहिला.

"ताई, ट्रकमध्ये माणसं घ्यायची नाहीत असं सांगितलंय मला. माझी नोकरी... माफ करा हां."

"तुमचा काय दोष त्यात," थोरली म्हणाली. आणि त्याला चहा विचारला. तो न घेता गेला.

मशीनची पुढची पाळी आली तेव्हा धाकट्यानं हातगाडी आणली. हमरस्त्यापर्यंत भावाला त्यावरून न्यायचं, तिथून बस धरायची, असं ठरलं होतं. थोरला खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते.

"मी येत नाही," तो म्हणाला.

"उठा हो. बस निघून जाईल."

"जाऊ दे. पुढचीही जाऊ दे." त्यानं धाकट्याकडे बोट केलं. "त्याच्याकडं बघ. माझ्यासाठी तो दोन माणसांचं ओढतोय. मी मशीनवर जगणार आणि हा वाफ्यात मरणार. असला व्यवहार मला नको."

"दादा, मला काही होत नाही," धाकटा म्हणाला.

"मलाही काही होत नव्हतं."

कोपऱ्यात त्यांची म्हातारी आई बसली होती. ती उठली, मुलाच्या पायांशी आली आणि त्याच्या सुजलेल्या पावलावर हात ठेवून म्हणाली, "माझ्यासाठी तरी चल रे." थोरल्यानं तिचा हात हातात घेतला. "आई, तुझ्यासाठीच बसलोय," तो म्हणाला. थोरलीनं त्याच्या दंडाला धरून ओढलं. तो हलला नाही. तिनं त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. तो हलला नाही. मग ती रडायला लागली तसा तो हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, थोडं पाणी दे. आज मोजू नकोस."

तिनं दिलं. तो तांब्या दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, घटाघटा प्याला. इतकं समाधान त्याच्या तोंडावर तिनं लग्नानंतर फारसं पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तो थोडेच दिवस जगला. श्वास भरून यायचा, रात्र बसून काढायचा. एका पहाटे आईच्या खांद्यावर डोकं टाकून बसलेला तो तसाच गेला.

माणसं भेटायला आली. मिठागरावरचे सगळे आले. सभेत गुडघ्यांकडे बघणारे सगळे. दारात येऊन बसायचे, उठायचे, जाताना म्हणायचे, "काही लागलं तर सांग." थोरली भिंतीशी बसून ऐकत होती. शेवटी तिच्याबरोबर टोपल्या वाहणारी एक बाई तिचा हात दाबून तेच म्हणाली, तेव्हा तिनं हात सोडला नाही.

"लागतंय," ती म्हणाली.

बाई गोंधळली. "काय लागतंय, सांग की."

"पट्ट्या. नर्सबाई सांगेल कुठं मिळतात. घरटी थोडे थोडे पैसे काढा. आणि सगळ्यांनी सकाळची लघवी बाटलीत घेऊन यायचं. इथं, माझ्या अंगणात."

दाराशी बसलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. नवरा नुकताच गेलेला, हिचं डोकं फिरलं की काय, असं एकदोघांना वाटलं. पण त्या बाईनं कनवटीची मोड काढून थोरलीसमोर ठेवली. मग दुसरीनं. पट्ट्या शहरातून मामानंच आणल्या, आणि कमी पडलेले पैसे आपण घातले ते कुणाला सांगितलं नाही.

कामाच्या सुट्टीच्या दिवशी अंगणात रांग लागली. कुणाच्या हातात औषधाची बाटली, कुणाच्या तेलाची. पुरुष लाजून चेष्टा करत होते. "माझी जरा जास्त पिवळी आहे, बक्षीस आहे का?" "तुझ्या बाटलीला अजून खोबरेलाचा वास येतोय." नर्सबाई कडक आवाजात गप्प बसवत होती आणि एकेक पट्टी बुडवून खोक्यावरच्या रंगांशी लावून बघत होती. थोरली निकाल ऐकून प्रत्येकाला एकेका बाजूला बसवत होती. नीट असलेले डावीकडे, संशय असलेले उजवीकडे. हळूहळू चेष्टा थांबली, कारण उजवीकडची माणसं वाढत चालली होती. पाठ दुखते म्हणणारा तिकडे गेला. तिचा हात दाबणारी ती बाई तिकडे गेली. लग्न ठरलेला एक पोरगेला तरुण तिकडे गेला आणि उगीच हसत बसला.

ऊन वर आल्यावर मुकादम आला. शर्टाखाली काहीतरी लपवलं होतं. रांगेतल्या माणसांनी त्याला वाट दिली. त्यानं कुणाकडे न बघता बाटली नर्सबाईपुढे ठेवली.

नर्सबाईनं पट्टी बुडवली, खोक्याशी धरली. "तुमचं नीट आहे."

"नक्की?"

"अगदी नीट."

मुकादमाचा श्वास मोकळा झाल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. मग त्यानं अंगणावरून नजर फिरवली. उजवीकडची माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याच मिठागरावर, त्याच उन्हात, तो त्यांच्याइतकीच वर्षं काढत होता. फक्त खुर्चीवर, छत्रीखाली, शेजारी पाण्याची कळशी ठेवून. तो पायात चप्पल नीट न घालताच निघून गेला.

धाकटा सगळ्यात शेवटी उभा राहिला होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो पुढे घालत होता. अंगण रिकामं होत आलं तसा त्याला पुढे यावंच लागलं. नर्सबाईनं पट्टी बुडवली आणि पाहत राहिली. मग दुसरी बुडवली. थोरली तिच्या खांद्यावरून बघत होती. रंग काय ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"अजून वेळ आहे," नर्सबाई घाईनं म्हणाली. "हे सुरुवातीचं आहे. रक्त तपासू. ऊन टाळायचं, पाणी भरपूर, डोकं दुखलं म्हणून दिसेल ती गोळी घ्यायची नाही. काम बदललं तर फार बरं."

"काम बदलू," धाकटा म्हणाला. "आणि घरात खायचं काय, तेवढं त्या खोक्यावर लिहिलंय का बघा."

म्हातारी दारात येऊन उभी होती. तिनं विचारलं, "याचं नीट आहे ना गं?" थोरली म्हणाली, "हो आई, नीट आहे." म्हातारीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आत जाऊन खाटेवर बसली. तिला काय समजलं ते थोरलीनं विचारलं नाही.

सकाळी धाकटा दंताळं खांद्यावर टाकून निघाला. त्याला थांबवायला थोरलीकडे काही नव्हतं. तिनं घरातला सगळ्यात मोठा हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि त्याच्या मागोमाग निघाली. समुद्राकडच्या कडेच्या वाफ्यापाशी तिनं हंडा बांधावर टेकवला आणि शेजारी बसली. धाकट्यानं जरासं मीठ ओढलं की ती तांब्या पुढे करायची.

"प्या, भाऊजी."

"आत्ताच प्यालो की."

"पुन्हा प्या."

"वहिनी, असं थांबत बसलो तर टोपल्या व्हायच्या नाहीत."

"नाही होऊ देत."

शेजारच्या वाफ्यातली बाई, जी काल उजवीकडे बसली होती, टोपली खाली ठेवून आली आणि ओंजळ पुढे करून उभी राहिली. थोरलीनं तिला पाणी घातलं. मग पाठ दुखणारा आला. मग तो लग्न ठरलेला पोरगा. लांबून मुकादमाची हाक आली, "काय चाललंय तिकडं?" नेहमीसारखी खणखणीत सुरू झालेली ती हाक शेवटाकडे बारीक झाली. तो खुर्चीतून उठून निम्म्या वाटेपर्यंत आला, तिथेच थांबला, आणि पुढेही येईना, मागेही जाईना.

माणसांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. एकेकाच्या हातातली दंताळी सैल झाली, एकेक जण बांधावर चढून थोरलीच्या भोवती उभा राहू लागला. कुणाला किती दिवस कामावर ठेवतील, कुणाचा नंबर कधी लागेल, कुणालाच माहीत नव्हतं. हंड्याचा तळ दिसायला लागला होता. थोरलीनं उरलेलं पाणी तांब्यात ओतून तो धाकट्याच्या हातात दिला, रिकामा हंडा उचलून डोक्यावर ठेवला आणि दुसरी खेप आणायला ती भर उन्हात वस्तीच्या दिशेनं चालू लागली.